एक हॉल, दोन स्पीकर आणि एक घण : कॅन्ससची १८९२ ची निवडणूक

आमच्या सोसायटीची मागची जनरल बॉडी तीन तास चालली आणि अजेंड्यावरचा एकही विषय झाला नाही. वाद एवढाच होता की ज्या चार-पाच जणांचा मेंटेनन्स थकलाय त्यांना मत द्यायचा हक्क आहे का नाही. बरं ते ठरवायचं कसं, तर हात वर करून. आणि मग त्या हात वर करण्यात त्या चार-पाच जणांनी हात वर करायचा का नाही? इथे घोडं जे पेंड खायला लागलं ते शेवटपर्यंत. सेक्रेटरी म्हणे नाही, ते म्हणे तुम्ही कोण ठरवणार, शेवटी लिफ्ट बंद पडल्याचं कोणीतरी ओरडलं आणि मीटिंग संपली.

मला त्या दिवशी अमेरिकेतलं कॅन्सस राज्य आठवलं, कारण तिथे अगदी हाच घोळ १८९३ साली झाला होता, फक्त सोसायटीच्या जागी राज्याची विधानसभा होती आणि लिफ्टच्या जागी मशीनगनसारखी एक गन. खूप मजेशीर प्रकरण आहे आणि निवडणूक म्हणजे नेमकं काय हे यातून जितकं कळतं तितकं नागरिकशास्त्राच्या पुस्तकातून मला तरी कळलं नव्हतं. म्हणून जरा सविस्तर लिहितोय, चहा घेऊन बसा.

आधी थोडी रचना समजून घेऊ नाहीतर पुढे गोंधळ होईल. अमेरिकेत प्रत्येक राज्याला स्वतःची विधिमंडळं असतात आणि बहुतेक ठिकाणी दोन सभागृहं. कॅन्ससमध्ये खालचं हाऊस १२५ जणांचं, त्याला मी इथे हाऊसच म्हणतो, आणि वरची सिनेट ४० जणांची. ही सिनेट म्हणजे आपली विधान परिषद समजा, पण तिथे सगळे थेट लोकांमधून निवडून येतात. गव्हर्नर म्हणजे आपल्यासारखा दिल्लीने पाठवलेला राज्यपाल नाही, तोही लोकांनीच निवडलेला, कामाने आपल्या मुख्यमंत्र्याच्या जवळचा. निवडणूक नोव्हेंबरमध्ये आणि विधिमंडळ भरणार थेट जानेवारीत. हे दोन महिन्यांचं अंतर लक्षात ठेवा.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी आज अमेरिकेतल्या लोकांना पण पटकन आठवत नाही. वॉशिंग्टनला जी देशाची मोठी सिनेट आहे, तिथे प्रत्येक राज्यातून दोन सिनेटर जातात, ते त्या काळी लोक निवडत नव्हते, राज्याचे आमदार निवडायचे. आपल्याकडे राज्यसभेला आमदार मतदान करतात ना, तसंच. १९१३ ला घटनादुरुस्ती झाली, सतरावी, तेव्हा कुठे लोकांना थेट मत मिळालं. त्यामुळे एकोणिसाव्या शतकात राज्याची विधानसभा निवडणूक म्हणजे फक्त रस्ते-शाळा-कर यांची निवडणूक नव्हती, आमदार निवडताना लोक एका अर्थाने सिनेटर निवडत होते, आणि रेल्वे कंपन्या, बँका, पक्षाचे बडे लोक यांचं लक्ष तिकडेच असायचं. एक-दोन आमदार इकडचे तिकडे झाले की दिल्लीची, म्हणजे वॉशिंग्टनची, एक खुर्ची इकडची तिकडे. म्हणून एकेका जागेवरून एवढी मारामारी.

कॅन्ससमध्ये तोवर रिपब्लिकन पक्षाचं एकहाती राज्य होतं. यादवी युद्धात गुलामगिरीविरुद्ध उभं राहिलेलं राज्य, त्यामुळे लिंकनचा पक्ष म्हणजे घरचाच पक्ष, डेमोक्रॅट म्हणजे दक्षिणेचे, त्यांना मत द्यायचं म्हणजे पाप. वर्षानुवर्षं तसंच चाललं होतं. मग हे बिघडलं कुठे, तर शेतीत.

१८६२ च्या होमस्टेड कायद्याने १६० एकर जमीन जवळपास फुकट मिळत होती, पाच वर्षं कसा आणि तुमची. रेल्वे आली, लोक आले, पूर्वेकडच्या कर्ज कंपन्या पैसे घेऊन मागे मागे फिरायला लागल्या की घ्या गहाण ठेवा घ्या. १८८० च्या दशकात पाऊसही बरा पडला आणि सगळ्यांना वाटलं हे असंच राहणार. १८८७ च्या आसपास पावसाने दगा दिला, जमिनीचे फुगलेले भाव फुस्स झाले, आणि ज्या वर्षी पीक चांगलं आलं त्या वर्षी भाव पडलेले. मका इतका स्वस्त झाला की हिवाळ्यात लोकांनी कोळशाऐवजी मकाच जाळला, कारण विकून जो पैसा येणार त्यात कोळसा येत नव्हता. रेल्वेचं भाडं मात्र कमी होईना आणि गहाणखताचं व्याजही. विदर्भ-मराठवाड्यातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

यात एक धागा थेट आपल्यापर्यंत येतो. तिकडचे शेतकरी म्हणायचे की आमचा गहू लिव्हरपूलच्या बाजारात हिंदुस्थानच्या गव्हाशी भांडतो, आणि हिंदुस्थानचा रुपया चांदीचा, चांदी स्वस्त होत चालली त्यामुळे तिकडचा गहू इंग्रजाला स्वस्त पडतो आणि आमचा सोन्याच्या डॉलरचा गहू महाग. म्हणून त्यांची मागणी होती की सरकारने चांदीची नाणी पाहिजे तेवढी पाडावीत, बाजारात पैसा वाढेल, भाव वाढतील, कर्ज फिटेल. आणि गंमत म्हणजे या सगळ्या भानगडीच्याच वर्षी, जून १८९३ मध्ये, इंग्रज सरकारने मुंबई आणि कलकत्त्याच्या टाकसाळी लोकांच्या चांदीसाठी बंद केल्या. त्याआधी कोणीही चांदी नेऊन द्यायचा आणि रुपये पाडून घ्यायचा. मुंबईची टाकसाळ बंद झाली आणि अमेरिकेत चांदीचा भाव कोसळला, कोलोरॅडोतल्या खाणी पटापट बंद पडल्या. असो, हा वेगळा लेख होईल.

तर या शेतकऱ्यांची आधी फार्मर्स अलायन्स नावाची संघटना होती. एकत्र खरेदी-विक्री, व्याख्यानं, पिकनिक, भाषणं असं सगळं. १८९० ला टोपीका या राजधानीच्या गावी त्यांनी ठरवलं की आता पक्षच काढायचा. नाव पीपल्स पार्टी, म्हणजे आपल्या भाषेत सरळ जनता पार्टी, आणि त्यांच्या लोकांना म्हणायला लागले पॉप्युलिस्ट. आज हा शब्द शिवीसारखा वापरतात पण तेव्हा ते पक्षाचं नाव होतं. प्रचाराला बायका पण होत्या हे मला विशेष वाटतं, मेरी लीझ नावाच्या बाई गावोगाव भाषणं देत फिरायच्या, मका कमी पिकवा आणि दंगा जास्त करा हे वाक्य त्यांच्या नावावर खपतं. त्या नंतर म्हणाल्या की हे पत्रकारांनी घुसडलं, पण सल्ला बरा होता म्हणून मी खोडून काढलं नाही. (त्यांना स्वतःला मात्र विधानसभेला मत देता येत नव्हतं. कॅन्ससमध्ये बायकांना फक्त शाळेच्या आणि १८८७ पासून गावाच्या, म्हणजे नगरपालिकेच्या निवडणुकीत मत होतं.)

नोव्हेंबर १८९० ला धमाका झाला. पक्ष काढून पाच-सहा महिने झालेले आणि १२५ पैकी नव्वदच्या वर जागा. रिपब्लिकनांना काय झालं तेच कळेना. पण राज्याची वरची सिनेट त्या वर्षी निवडणुकीला नव्हती, ती रिपब्लिकनच राहिली, त्यामुळे हाऊसने कायदा पास करायचा आणि सिनेटने तो कचऱ्यात टाकायचा असं दोन वर्षं चाललं.

एक गोष्ट मात्र सिनेट अडवू शकली नाही. वॉशिंग्टनचा सिनेटर निवडायचा असेल तर आधी दोन्ही सभागृहांत वेगवेगळं मतदान, एकमत नाही झालं तर दोन्ही एकत्र बसून, असा १८६६ चा कायदा होता. एकत्र बसले की १६५ डोकी आणि त्यात पॉप्युलिस्टांचं बहुमत आरामात. त्यांनी इंगल्स नावाच्या १८ वर्षं सिनेटर असलेल्या बड्या रिपब्लिकन नेत्याला घरी बसवलं आणि पेफर नावाच्या, शेतीच्या पेपरच्या संपादकाला पाठवलं, ज्यांची दाढी जवळजवळ पोटापर्यंत होती आणि व्यंगचित्रकारांना त्या दाढीने पुढची सहा वर्षं काम दिलं. इंगल्स एका मुलाखतीत म्हणून बसले होते की राजकारण शुद्ध करणं हे नुसतं स्वप्नरंजन आहे. निवडणुकीच्या वर्षी असं बोलू नये, खरं असलं तरी.

आता आपण मूळ मुद्द्यावर येऊ, १८९२.

या वेळी पॉप्युलिस्टांनी डेमोक्रॅटांशी युती केली. तिकडे याला फ्युजन म्हणायचे. आणि ही युती करणं तेव्हा सोपं होतं कारण मतपत्रिका सरकार छापतच नव्हतं. हो, खरंच. पक्ष स्वतः आपापल्या उमेदवारांची यादी छापायचा, ती चिठ्ठी मतदाराला हातात द्यायची, मतदाराने ती घेऊन सगळ्यांसमोर पेटीत टाकायची. चिठ्ठीचा कागद, रंग, आकार बघून लांबूनच कळायचं कोणाला मत पडलं. सावकार उभा, कारखान्याचा मुकादम उभा, रेल्वेचा माणूस उभा. गुप्त मतदान वगैरे काही नाही. पण याचा फायदा असा की दोन पक्षांना एकच नाव आपापल्या चिठ्ठीवर छापता यायचं, मतदाराला वेगळं काही शिकवायला नको. सरकारी छापील मतपत्रिका आणि पडद्याआड मतदान ही पद्धत ऑस्ट्रेलियातून आली, म्हणून तिला ऑस्ट्रेलियन बॅलटच म्हणायचे, आणि अमेरिकेत ती १८८८ पासून हळूहळू पसरत होती. कॅन्ससमध्ये १८९२ ला अजून पोचली नव्हती.

निकाल लागला तो असा. गव्हर्नर पॉप्युलिस्ट, लोरेन्झो लुवेलिंग नावाचे गृहस्थ. वरच्या सिनेटमध्ये बहुमत पॉप्युलिस्टांचं. राष्ट्राध्यक्षपदाला पण कॅन्ससने पॉप्युलिस्ट उमेदवार वीव्हर यांना निवडलं. सगळं मिळालं, फक्त खालचं हाऊस राहिलं. तिथे रिपब्लिकनांकडे ६४-६५ आणि पॉप्युलिस्टांकडे ५८, बाकी दोन-तीन इतर. बहुमताचा आकडा ६३. म्हणजे रिपब्लिकन काठावर पास.

पण हे आकडे म्हणजे कोणाचे आकडे? इथे खरा मसाला आहे. मतं मोजायची आपापल्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात म्हणा, तिथून कागद जाणार राजधानीला, तिथे राज्याचे बडे अधिकारी बसून बेरीज तपासणार आणि ज्याची मतं जास्त त्याला सर्टिफिकेट देणार. आणि हे बडे अधिकारी कोण तर जुन्या सरकारचे, सगळे रिपब्लिकन. नवीन सरकार जानेवारीत येणार. पॉप्युलिस्ट म्हणाले की दहाएक जागांवर घोटाळा आहे, कुठे आकडे चुकलेत, कुठे मतं विकत घेतलीत, आणि काही निवडून आलेले रिपब्लिकन तर पोस्टमास्तर आहेत, केंद्र सरकारची नोकरी करणाऱ्याला राज्याच्या घटनेप्रमाणे आमदार होता येत नाही. रिपब्लिकन म्हणाले सर्टिफिकेट आहे ना, बास, तक्रार असेल तर हाऊस भरल्यावर हाऊससमोर मांडा.

म्हणायला हे बरोबर होतं. घटनेत लिहिलेलंच होतं की कोण सदस्य आणि कोण नाही याचा निवाडा सभागृह स्वतः करेल. अमेरिकेत सगळीकडे हाच नियम आहे, वॉशिंग्टनमध्ये पण. यामागचा विचार चांगला होता, राजाने किंवा गव्हर्नरने किंवा कोर्टाने ठरवू नये की लोकांचा प्रतिनिधी कोण, प्रतिनिधींनीच ठरवावं. ठीक. पण पहिल्या दिवशी, जेव्हा कोणीच काही ठरवलेलं नाही, तेव्हा ते सभागृह म्हणजे नेमकी कोणती माणसं? ज्या दहा जागांवर वाद आहे त्या दहा जणांनी स्पीकरच्या निवडणुकीत मत द्यायचं का नाही? दिलं तर रिपब्लिकन स्पीकर, आणि मग तक्रारी ऐकणारी कमिटी पण त्यांचीच, म्हणजे तक्रारींचं काय होणार सांगायला नको. नाही दिलं तर ५५ विरुद्ध ५८, पॉप्युलिस्ट स्पीकर, आणि मग त्या दहा जागा पण त्यांच्याच घशात. म्हणजे पहिल्या दहा मिनिटांत कोणाचे हात वर धरायचे यावर अख्ख्या दोन वर्षांचं राज्य ठरणार. आमच्या सोसायटीचे थकबाकीदारच, फक्त मोठ्या अंगाचे.

आपल्याकडे यावर उपाय म्हणून हंगामी अध्यक्ष असतो, तो शपथ देतो, नवीन अध्यक्ष निवडून येईपर्यंत बसतो. आणि हंगामी अध्यक्ष कोण यावरून पण आपल्याकडे काय काय होतं ते २०१९ ला टीव्हीवर सगळ्यांनी बघितलंय. कॅन्ससमध्ये तेवढीही सोय धड नव्हती. सेक्रेटरी ऑफ स्टेट नावाचा अधिकारी सदस्यांची अधिकृत यादी घेऊन यायचा, एवढीच रीत.

तर १० जानेवारी १८९३. टोपीकाचं विधानभवन, ज्याचं बांधकाम १८६६ पासून चालू होतं आणि अजून पुरं व्हायचं होतं (१९०३ ला झालं, आपल्या उड्डाणपुलांना नावं ठेवू नका). सेक्रेटरी ऑफ स्टेट यादी घेऊन आला. तो आता नवीन सरकारचा, म्हणजे पॉप्युलिस्ट. त्याने मीटिंग चालवायची का नाही यावर दोन्ही बाजूंचं जमेना, तेव्हा तो यादी घेऊन सरळ निघून गेला. मागे राहिले सव्वाशे लोक, प्रेक्षकांची तुफान गर्दी, आणि रिकामी खुर्ची. मग काय, दोन्ही बाजूंनी एकाच वेळी आपापली सभा सुरू केली. एकाच हॉलमध्ये. रिपब्लिकनांनी जॉर्ज डग्लस यांना स्पीकर केलं, पॉप्युलिस्टांनी डन्समोर यांना. दोघंही एकाच व्यासपीठावर, दोघांच्या हातात लाकडी हातोडी, दोघंही ठोकतायत, दोघंही म्हणतायत शांत बसा. एका म्यानात दोन तलवारी म्हणतो ना आपण, इथे एका टेबलावर दोन हातोड्या.

रात्र झाली तरी कोणी हलेना. कारण जो उठला त्याने हॉल गमावला. सांगतात की दोन्ही स्पीकर तिथेच झोपले, हातोडी हातात धरून. मला हे दृश्य फार आवडतं, म्हणजे दिवसभर एकमेकांना बेकायदेशीर म्हणायचं आणि रात्री हातभर अंतरावर घोरायचं.

पुढे काही दिवसांत गव्हर्नर लुवेलिंग यांनी जाहीर केलं की डन्समोर यांचं हाऊस हेच खरं हाऊस, सिनेटने पण तेच मान्य केलं. इतिहासात या दोघांना डन्समोर हाऊस आणि डग्लस हाऊस असंच म्हणतात. डन्समोर हाऊसने वादाच्या जागांवरच्या आपल्या माणसांना आत घेतलं आणि संख्या पुरी करून टाकली. मग काही आठवडे चक्क तडजोडीने चाललं, हॉल आलटून पालटून वापरायचा, एकांचं झालं की दुसरे येणार, कॉलेजच्या शिफ्टसारखं. डन्समोर हाऊस कायदे पास करतंय, सिनेट मान्य करतंय, गव्हर्नर सही करतोय, आणि डग्लस हाऊस म्हणतंय हे सगळं रद्दी आहे. याला कॅन्ससमध्ये लेजिस्लेटिव्ह वॉर म्हणतात, विधिमंडळाचं युद्ध, आणि अजून युद्ध व्हायचंच होतं.

या शिफ्टच्या काळातच वॉशिंग्टनच्या एका सिनेटरची जागा भरायची होती, आधीचे प्लंब नावाचे सिनेटर १८९१ च्या डिसेंबरात वारले होते. पॉप्युलिस्ट सिनेट आणि डन्समोर हाऊस जानेवारीच्या शेवटी एकत्र बसले आणि त्यांनी जॉन मार्टिन यांना निवडलं. आणि हे मार्टिन पॉप्युलिस्ट नाहीत, डेमोक्रॅट! युतीची किंमत. पॉप्युलिस्टांमधले बरेच जण यावर भडकले की एवढं रान उठवलं ते डेमोक्रॅटाला खुर्ची द्यायला का. रिपब्लिकनांनी आपली मतं एडी नावाच्या आपल्या माणसाला दिली आणि तेही म्हणाले आमचाच सिनेटर खरा. मार्टिन आणि एडी हे लक्षात ठेवा, परत येतील.

फेब्रुवारीत रिपब्लिकनांनी डाव टाकला, आणि डाव हुशार होता. आपण खरं हाऊस आहोत हे नुसतं बोलून उपयोग नाही, खऱ्या हाऊसला जे अधिकार असतात ते वापरायचे. सभागृहाच्या कामात अडथळा आणणाऱ्याला अटक करायचा अधिकार असतो, म्हणून त्यांनी बेन रिच या पॉप्युलिस्टांच्या मुख्य क्लार्कला अटक करायचा हुकूम काढला. १४ फेब्रुवारीला त्याला धरलं, पॉप्युलिस्टांनी धक्काबुक्की करून सोडवलं, आणि त्या रात्री पॉप्युलिस्टांनी हॉलमध्ये शिरून आतून दारं लावून घेतली. आता हॉल आमचा, तुम्ही बाहेर.

१५ तारखेला सकाळी रिपब्लिकन आमदार कोपलंड हॉटेलात जमले (हो, तेव्हाही हॉटेलच, फरक एवढाच की गुवाहाटी नव्हती), तिथून रांगेने विधानभवनाकडे निघाले, जिन्यावरच्या पहारेकऱ्यांना ढकलून वर गेले, आणि बंद दार मोठ्या घणाने फोडलं. स्पीकर डग्लस सगळ्यात पुढे. म्हणजे लाकडी हातोडीवरून थेट लोखंडी घणावर. तो घण टोपीकाच्या म्युझियममध्ये आजही ठेवलेला आहे. पॉप्युलिस्ट बाहेर पडले, रिपब्लिकन आत, आणि आता त्यांनी दारं लावून घेतली.

गव्हर्नरने सांगितलं हॉल खाली करा, डग्लस नाही म्हणाले. मग गव्हर्नरने राज्याची मिलिशिया बोलावली, म्हणजे आपलं एसआरपी समजा. शिपाई आले, हाताने फिरवायची गॅटलिंग गन आली, फेब्रुवारीतली मरणाची थंडी, विधानभवनाच्या आवारात तंबू. फोटो आहेत याचे, आमदार बंदुका घेऊन बसलेत असे. आणि इथे गव्हर्नरचा सगळा डाव फसला, कारण मिलिशियाचे प्रमुख कर्नल ह्यूज हे रिपब्लिकन होते आणि त्यांनी सांगितलं की मी हा हुकूम पाळणार नाही, कायदेशीर हाऊसला मी बाहेर काढणार नाही. दुसरीकडे तिथल्या काउंटीचा शेरीफ पण रिपब्लिकन, त्याने शेकड्यांनी लोकांना शपथ देऊन डेप्युटी बनवलं आणि हाऊसच्या बाजूने उभं केलं. म्हणजे गव्हर्नरकडे कागदावर फौज होती आणि प्रत्यक्षात कोणीच नाही. ह्यूज यांच्यावर नंतर कोर्ट मार्शल झालं, पण ते नंतर.

मला इथे लुवेलिंग यांच्याबद्दल थोडं चांगलं बोलावंसं वाटतं. ते क्वेकर घरात वाढलेले, क्वेकर म्हणजे हिंसा नकोच म्हणणारा पंथ. हट्टाने दुसरी तुकडी मागवता आली असती, लावा बळ म्हणता आलं असतं, आणि त्या हॉलमध्ये इतक्या बंदुका होत्या की एखादी चुकून सुटली असती तरी पन्नास माणसं मेली असती. त्यांनी दोन दिवसांत तह केला. हॉल रिपब्लिकनांकडे, पॉप्युलिस्ट दुसऱ्या जागी बसतील, आणि निर्णय कोर्टात. त्यांच्या पक्षातल्या गरम डोक्याच्या लोकांनी त्यांना भ्याड ठरवलं, माझ्या मते त्यांनी त्या दिवशी सगळ्यात शहाणपणाचं काम केलं. जीव कोणाचाही गेला नाही.

आता कोर्टासमोर प्रकरण आलं कसं ते बघा, वकील मंडळींना आवडेल. डग्लस हाऊसने एल. सी. गन नावाच्या माणसाला साक्षीला बोलावलं, तो आला नाही, म्हणून त्याला अटक केली. गनने कोर्टात अर्ज केला की मला डांबून ठेवलंय, सोडवा, हेबियस कॉर्पस. आता गनला सोडायचं का हे ठरवायला आधी हे ठरवायला लागणार की त्याला धरणारं हाऊस खरं आहे का. म्हणजे हाऊसचा निवाडा हाऊसच करेल या नियमाला मागच्या दाराने वळसा. खेळी कोणाची का असेना, सुबक होती.

कॅन्ससच्या सुप्रीम कोर्टात तेव्हा फक्त तीन न्यायाधीश. दोन रिपब्लिकन, एक पॉप्युलिस्ट, जो नुकताच त्याच १८९२ च्या निवडणुकीत निवडून आलेला, कारण तेव्हा तिथे न्यायाधीश पण निवडून यायचे. २५ फेब्रुवारीला निकाल आला, दोन विरुद्ध एक, रिपब्लिकन हाऊस खरं. कोण कुठल्या बाजूला होतं हे सांगायची गरज नाही ना.

पण निकाल पक्षाच्या रंगाचा असला तरी त्यातला कायद्याचा मुद्दा अगदीच टाकाऊ नव्हता, आणि हेच मला इथे समजावून सांगायचं होतं. बहुमताचं म्हणणं असं की ज्याच्या हातात सर्टिफिकेट आहे तो वरवर बघता सदस्य, त्याला आत येऊ द्या, बसू द्या, स्पीकर निवडू द्या, आणि मग सभागृह नीट उभं राहिल्यावर एकेका तक्रारीचा निवाडा करा. सर्टिफिकेट चूक असू शकतं, खोटं पण असू शकतं, तरी सुरुवात कुठूनतरी करावी लागते, आणि दोन्ही बाजूंच्या हट्टाबाहेरची अशी एकच गोष्ट असते, तो कागद. उद्या कोणीही उठून म्हणेल की या दहा जागांवर मला शंका आहे आणि म्हणून ते दहा जण सोडून आम्हीच सभागृह, तर कुठलंच सभागृह कधी उभंच राहणार नाही. पॉप्युलिस्टांचं उत्तर असं की कागद देणारेच जर तुमचे असतील तर मग निवडणूक कशाला घेता, सरळ कागद वाटा. दोन्ही बाजू आपापल्या जागी खऱ्या आहेत, आणि म्हणूनच नंतरच्या काळात सगळा भर यावर आला की कागद देणारा माणूस कोणाचाच नसावा. आपल्याकडे निवडणूक आयोग आणि रिटर्निंग ऑफिसर आणि कोर्टात जाणारी निवडणूक याचिका हे जे सगळं आहे, ते बघा, हाऊसने स्वतः निवाडा करायचा भाग आपण ठेवलाच नाही.

निकालानंतर तीन दिवसांत पॉप्युलिस्ट आमदार गपचूप जाऊन डग्लस हाऊसमध्ये बसले. अधिवेशनाचे थोडे दिवस उरले होते. रेल्वेच्या भाड्यावर ज्यासाठी एवढा खटाटोप केला त्यात मनासारखं काहीच झालं नाही. पण दोन गोष्टी झाल्या, एक म्हणजे सरकारी छापील गुप्त मतपत्रिकेचा कायदा याच अधिवेशनात आला, आणि दुसरं म्हणजे बायकांना पूर्ण मताधिकार द्यायचा का हे १८९४ ला लोकांना विचारायचं ठरलं. लोकांनी, म्हणजे पुरुषांनी, नाही सांगितलं. गुप्त मतपत्रिकेचं पुढे वेगळंच झालं. मतपत्रिका सरकारच्या हातात आल्यावर काही वर्षांनी रिपब्लिकनांनी नियम केला की एका उमेदवाराचं नाव एकदाच छापायचं, दोन पक्षांच्या खाली नाही, आणि युतीचा गळाच आवळला. चांगल्या कायद्याचं एवढंसं कलम बदललं की काय होतं बघा.

१८९४ च्या निवडणुकीत लुवेलिंग हरले, रिपब्लिकन परत आले, १८९६ ला पॉप्युलिस्ट परत, असा झोका अजून एकदा झाला आणि मग पक्षच विरून गेला.

हे फक्त कॅन्ससचं येडेपण होतं असं पण नाही. मोंटाना राज्य झालं १८८९ ला आणि पहिल्याच विधानसभेत एका मतदान केंद्राच्या मतांवरून दोन हाऊस बसली, दोघांनी आपापले दोन सिनेटर निवडले आणि दोन खुर्च्यांसाठी चार माणसं वॉशिंग्टनच्या दारात उभी. तिथल्या सिनेटमध्ये तेव्हा रिपब्लिकन बहुमत, त्यांनी रिपब्लिकन दोघांना आत घेतलं.

आणि आता मार्टिन आणि एडी. कॅन्ससच्या कोर्टाने डन्समोर हाऊस बेकायदेशीर ठरवलं म्हणजे त्याच्यासोबत बसून निवडलेले मार्टिन पण गेले असंच कोणालाही वाटेल. मार्टिन मार्च १८९३ मध्ये कॅन्ससचं पत्र घेऊन वॉशिंग्टनला गेले, एडींच्या बाजूने तक्रार झाली, आणि वॉशिंग्टनच्या सिनेटने, जी आपल्या सदस्यांचा निवाडा स्वतःच करते आणि जिथे त्याच महिन्यापासून डेमोक्रॅटांचं बहुमत आलं होतं, मार्टिन यांना बसू दिलं. उरलेली दोन वर्षं ते कॅन्ससचे सिनेटर म्हणून तिथे होते.